गह्वरासुराच्या माथी

त्रेतायुग लागून फार काळ लोटला नव्हता. मेघ अजून ऋतूचे वचन पाळीत होते, गाई वासराच्या हंबरण्यासरशी पान्हा सोडीत होत्या, आणि देव कधीमधी मनुष्यांच्या यज्ञमंडपात येऊन आपल्या हाताने हविर्भाग घेत होते. त्या काळी वेत्रिणी नदीच्या तीरी हेमकूला नावाची नगरी होती. तिच्या उत्तरेस, जिथे नदी दोन पर्वतांच्या कुशीतून बाहेर पडते तिथे, एक प्रचंड काळा खडक होता आणि त्या खडकाला गह्वर नावाचा असुर लोहशृंखलांनी जखडलेला होता.

हा गह्वर पूर्वी त्या खिंडीतून जाणाऱ्या पांथस्थांना मारून खात असे. हेमकूलेचा मूळपुरुष राजा तुंगकेतू याने त्याच्याशी घोर युद्ध केले. बाणांनी आकाश झाकोळले, उन्मळलेल्या शिलांनी नदीचा प्रवाह अडला, आणि अखेर तो असुर पाशात सापडला. परंतु तो अवध्य होता, म्हणून त्याला बांधून ठेवावे लागले. विजयाने प्रसन्न झालेल्या ब्रह्मदेवांनी तुंगकेतूला वर मागण्यास सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "पितामह, माझी प्रजा मुळात भली आहे. तिच्या हातून जे दुरित घडते ते या असुरजातीच्याच प्रेरणेने घडते. तेव्हा माझ्या वंशातील आणि राज्यातील मनुष्यांचे पाप या गह्वराच्या माथी जावे, आणि त्याचा दाह त्यांना होऊ नये."

ब्रह्मदेव "तथास्तु" म्हणून अंतर्धान पावले.

तेव्हापासून हेमकूलेत असा परिपाठ पडला की, ज्याच्या हातून काही वावगे घडे तो खडकापाशी जाई, त्यावर हात टेकी आणि म्हणे, "हे गह्वराने केले." एवढे म्हणताच मनातली कळ थांबे. प्रारंभी लोक संकोचत जात. पुढे पुढे बाजाराला जावे तसे जाऊ लागले. मुलाने म्हाताऱ्या बापाला घराबाहेर काढले, तरी सायंकाळी तो निवांत जेवत असे. नगरीत कोणी शोक करताना दिसत नसे. आणि कोणी मनापासून हसल्याचेही कोणाला आठवत नसे. परकी माणसे या शांततेची प्रशंसा करीत आणि तरीही तिथे फार दिवस राहत नसत.

तुंगकेतूच्या वंशात पुढे अनुविक्रम नावाचा राजा झाला. तो शूर होता, दाता होता, शास्त्रांचा जाणता होता. वेत्रिणीच्या खालच्या खोऱ्यात महर्षी सौकृत्यांचा आश्रम होता. तिथे कदंबांच्या छायेत हरिणे निर्भयपणे रवंथ करीत, होमधूमाने वेली सुगंधित होत, आणि बटूंच्या वेदघोषात पोपटही आपला स्वर मिसळीत. राज्याभिषेकानंतर अनुविक्रम त्या आश्रमात गेला होता आणि महर्षींच्या चरणांवर मस्तक ठेवून त्याने शब्द दिला होता, "माझे राज्य आहे तोवर या आश्रमाला कोणापासूनही भय नाही."

काही वर्षांनी दक्षिणेचा राजा चंडवेग अगणित सैन्य घेऊन चालून आला आणि त्याच खोऱ्यात, आश्रमाच्या पलीकडे, त्याने तळ दिला. हेमकूलेचे सैन्य थोडे होते. मात्र खोऱ्याच्या माथ्यावर वेत्रिणीला घातलेला विशाल बांध होता आणि वर्षाकाळ नुकताच सरल्यामुळे तो तुडुंब भरला होता. अनुविक्रम बराच वेळ त्या पाण्याकडे पाहत राहिला. मग त्याने बांध फोडण्याची आज्ञा दिली.

अमात्य शंकुक म्हणाला, "महाराज, आश्रम खाली आहे. निदान एक दूत पाठवून त्यांना डोंगरावर जायला सांगू या."

"आश्रम हलला की चंडवेगाला संशय येईल," राजा म्हणाला.

"पण आपण अभय दिले आहे."

"ठाऊक आहे मला, शंकुका."

अरुणोदयाच्या सुमारास बांध फुटला. हत्ती, रथ, अश्व, पताका, कदंबवृक्ष, पर्णकुटी, हरिणे, बटू आणि अग्निशाळेत आहुती देण्यास बसलेले महर्षी सौकृत्य, या सर्वांवरून पाणी सारख्याच वेगाने गेले. माध्यान्हापर्यंत खोऱ्यात चिखलावाचून काही उरले नाही. नगरीत विजयदुंदुभी वाजल्या. अनुविक्रमाच्या छातीत मात्र असे काही पेटले होते की त्याला श्वास घेता येईना. तो खडकापाशी गेला, हात टेकून म्हणाला, "हे गह्वराने केले." आग विझली. तिच्याबरोबर आणखीही काही विझले. पण ते काय, हे त्याला तेव्हा कळले नाही.

महर्षींची पत्नी अरणी त्या दिवशी आश्रमात नव्हती. डोंगरावरच्या वस्तीत एक बाळंतीण अडली होती, तिच्यासाठी ती गेली होती. ती उतरून आली तेव्हा तिला आपला आश्रम कुठे होता हेच ओळखू येईना. चिखल उपसता उपसता तिला पतीचा देह सापडला. लहानगी मुलगी पर्णा सापडली नाही. अरणी रडली नाही. पतीला अग्नी देऊन ती बांधाच्या वाटेने वर चढली. तिथल्या रक्षकाला तिने विचारले, "बांध कोणी फोडला?"

"गह्वराने, माते," तो म्हणाला. त्याच्या हातांवर कुदळीने आलेले फोड ताजे होते आणि मुद्रा प्रसन्न होती.

अरणीने आयुष्यभर तप केले होते. तिच्या वाणीत एका शापाचे सामर्थ्य होते. ती खडकापाशी गेली, नदीचे जल तिने ओंजळीत घेतले आणि त्या असुरापुढे उभी राहिली. गह्वराचे केस मातीला टेकले होते. शृंखला त्याच्या मांसात इतक्या रुतल्या होत्या की लोह कोठे संपते हे दिसत नव्हते.

ती म्हणाली, "असुरा, सौकृत्यांना आणि माझ्या मुलीला तू का मारलेस, एवढे सांग. मग मी तुला शापीन."

गह्वराने सावकाश मान वर केली. "मुनिपत्नी, शाप द्यायचा तर दे. मला नवीन काही होणार नाही. पण तू विचारतेस म्हणून सांगतो. तुझा जन्म होण्याच्या आधीपासून मी हा खडक सोडलेला नाही. तो बांध मी पाहिलेलाही नाही."

"मग ही सारी नगरी खोटे बोलते?"

"खोटे नव्हे. त्यांना खरेच तसे वाटते. ते येतात, माझे नाव घेतात आणि हलके होऊन जातात. मी मात्र त्यांतले एकही कर्म केलेले नाही. मी पांथस्थ मारले होते. ते मी केले. एका स्त्रीने मुलाला पदराखाली लपवले होते, तो पदर निळा होता. ते पाप मी कोणाच्या माथी घातलेले नाही. ते मला रोज आठवते. या नगरीत स्वतःचे पाप आठवणारा मी एकटाच असेन."

अरणीच्या ओंजळीतले पाणी बोटांमधून गळून गेले. ती नगरीकडे निघाली.

राजसभेत त्या वेळी विजययज्ञ चालू होता आणि ऋत्विज चिंतेत पडले होते, कारण अग्नी आहुती स्वीकारीत नव्हता. घृत समिधांवर पडे आणि तसेच निथळून जाई. अनुविक्रम यजमानाच्या आसनावर बसला होता. त्याला त्याचेही काही वाटत नव्हते. विजयानंतर राणीने नवजात पुत्र त्याच्या मांडीवर ठेवला होता. राजाने त्याच्याकडे पाहिले होते आणि एखादे पात्र परत द्यावे तसे ते मूल परत दिले होते. अन्नाला चव नव्हती. स्तुतिपाठकांचे शब्द कानावर पडत आणि तिथेच संपत.

अरणी यज्ञमंडपात आली. तिच्या वल्कलांवरचा चिखल वाळला होता. तिला ओळखून शंकुकाने मान खाली घातली.

"राजा," ती म्हणाली, "माझे घर कोणी बुडवले?"

"भगवती, ते गह्वराने केले," अनुविक्रम म्हणाला. त्याचा स्वर सौम्य होता.

"आणि चंडवेगाला कोणी जिंकले?"

"मी."

"एकाच पाण्याने दोन्ही झाले. बांध फोडणारा गह्वर असेल तर विजयही त्याचाच आहे. हे आसन त्याचे, हा यज्ञ त्याचा. मग तू इथे कोण म्हणून बसला आहेस?"

वेदीवर घृत निथळण्याचा तेवढा आवाज येत होता.

अरणीने कलशातले जल हातात घेतले. "मी तुला शाप देते, अनुविक्रमा," असे म्हणून तिने ते राजावर शिंपडले. पृथ्वी कापली नाही, वीज पडली नाही. पाण्याचे थेंब राजाच्या वस्त्राला न भिजवता भूमीवर ओघळले. तिने आपल्या हाताकडे पाहिले आणि तिला उमगले. ती म्हणाली, "शाप कर्त्याला लागतो. तू कर्ता नाहीस. तुला शाप लागत नाही, अग्नी तुझी आहुती घेत नाही, तुझ्या दानाचे पुण्य तुला येत नाही. तुझ्या नावाला आता काहीच चिकटत नाही, राजा. मी मेलेल्या माणसांना अग्नी देऊन आले आहे. तुझ्याकडे पाहून मला तेच आठवते."

अनुविक्रमाला दुःख झाले असे नाही; दुःख व्हायला हवे होते, एवढे त्याला कळले. एखाद्याला आपला पाय बधिर झाल्याचे पाऊल टाकताना कळावे, तसे. तो आसनावरून उठला. "माते, माझ्याबरोबर खडकापर्यंत येशील?"

दोघे चालत गेले. मागून सभा आली. राजाने खडकावर हात टेकला नाही. तो गह्वरासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "आश्रम खाली आहे हे मला ठाऊक होते. दूत पाठवता आला असता. मी पाठवला नाही. अभय मी दिले होते आणि बांध मी फोडला. हे गह्वराने केले नाही. हे अनुविक्रमाने केले."

तेव्हा खडकाला तडा गेला आणि शृंखला गळून पडल्या. लोकांमध्ये हाहाकार झाला, कित्येक पळू लागले. परंतु असुर जागचा हलला नाही. त्या तड्यातून नीलमेघासारखा श्यामवर्ण, शांतनेत्र असा धर्मराज प्रकट झाला.

"राजा," धर्मराज म्हणाला, "तुझ्या पूर्वजाला मिळालेला वर तू आज परत केलास. या राज्यातील प्रत्येकाचे पाप आता ज्याच्या त्याच्या दारी जाईल. तू राजधर्माचा आधार घेऊ शकतोस. नगरी वाचवण्यासाठी आश्रम बुडवला, असे तू म्हणालास तर तेही मी ऐकेन."

"नगरी वाचली, हे खरे आहे," अनुविक्रम म्हणाला. "ते कारण होते. पण कारणाने बांध फोडला नाही, देवा."

धर्मराज अरणीकडे वळला. "आता तुझा शाप याला लागेल. बोल."

अरणीने ओंजळीत जल घेतले. तिचा चेहरा पूर्वीसारखाच कोरडा होता. "मला आता याचा रागही येत नाही," ती म्हणाली. "तरी बोलायला हवे. राजा, तू दीर्घायुषी होशील, आणि जे केलेस ते तुला एक दिवसही विसरता येणार नाही. माझ्या मुलीचे नाव पर्णा होते."

या वेळी त्याचे वस्त्र भिजले. राजा खाली मातीत बसला. नगरजन आपापल्या घरांकडे निघाले होते. वाटेत कोणी थबके, कोणी भिंतीला धरून उभा राही, आणि गल्लीगल्लीतून बाप्या माणसांच्या रडण्याचे आवाज येऊ लागले.

गह्वर आपल्या मनगटांकडे पाहत होता. शंकुकाने भीत भीत विचारले, "आता तू कुठे जाशील?"

"कुठे जाऊ?" असुर म्हणाला. "इतरांचे गेले, आता माझेच तेवढे उरले. तेवढे मला पेलते." असे म्हणून तो खिंडीकडे चालू लागला. पुढे तो त्या वाटेने जाणाऱ्या पांथस्थांना नदी उतरवून देत असे, असे म्हणतात.

अनुविक्रमाने राज्य पुत्राच्या नावे अमात्यांवर सोपवले आणि तो खोऱ्यात गेला. तो चिखल उपसू लागला. आश्रमातल्या आणि चंडवेगाच्या सैन्यातल्या, ज्या ज्या देहाचे काही हाती लागे, त्याला तो अग्नी देई. अरणी पलीकडच्या बाजूने तेच करीत असे. ती दोघे एकमेकांशी बोलत नसत. कित्येक ऋतूंनंतर एका कदंबाच्या मुळांत राजाला लहान हाडे सापडली. त्याने ती उत्तरीयात घेतली, अरणीपुढे ठेवली आणि दूर जाऊन उभा राहिला. तिने ती मांडीवर घेतली. त्या दिवशी अरणी प्रथम रडली.

खडकाला तडा गेला त्याच दिवशी धर्मराजाने देवांना आज्ञा केली की, यापुढे कर्त्यावाचून कोणतेही कर्म स्वीकारू नये. म्हणून आजही यजमान यज्ञाला, दानाला, व्रताला बसला की आधी हातावर पाणी घेतो, आपले गोत्र सांगतो, आपले नाव सांगतो आणि "मी हे करीन" असे म्हणतो. त्यानंतरच तो ते पाणी सोडतो.