जखमी व्यक्तीचे नाव

तुम्ही तिला विचारलं नाहीत. भर रस्त्यात एक बाई पडली, तुमच्यामुळे पडली, आणि "फार लागलं का?" एवढे तीन शब्द तुमच्या तोंडून निघाले नाहीत. अगदी जिभेवर आले होते, पण मध्ये एक कागद आला. तुम्हाला वाचता येत होतं, म्हणून तुम्ही गप्प राहिलात. ज्यांना तो कागद ठाऊक नव्हता, ते धावले. तुम्ही म्हणजे कोण, हे मी सांगणार नाही. ज्याला हे लागेल त्याला ते कळेल. बाकीच्यांनी नुसती गोष्ट ऐकावी.

एका शहराच्या नव्या वस्तीत एक वृद्ध श्वानशिक्षक राहत होते. आयुष्याची तीस वर्षं त्यांनी पोलिसांच्या श्वानपथकात काढली होती. निवृत्तीनंतर त्यांनी एकच शिष्य केला. हा शिष्य पदवीधर होता आणि लोकांची कुत्री फिरवून आणण्याचा व्यवसाय त्याने विचारपूर्वक धरला होता. नातेवाईक हसत. एका मावसभावाने तर लग्नात पाहुण्यांना त्याची ओळख "हा कुत्र्यांच्या शाळेत शिपाई आहे" अशी करून दिली होती. म्हणून शिष्य आपलं काम फार गंभीरपणे करी. प्रत्येक फेरीत ठरलेल्या कोपऱ्यावर थांबून तो कुत्र्याचा फोटो काढून मालकाला पाठवी. कुत्र्याने फोनकडे पाहावं म्हणून फोनच्या वर एक बिस्किट धरी.

त्याने दायित्व विमाही उतरवला होता. फिरवताना कुत्र्यामुळे एखाद्या तिऱ्हाइताला इजा झाली आणि चूक फिरवणाऱ्याची निघाली, तर त्या तिऱ्हाइताच्या औषधपाण्याचा आणि बुडालेल्या कामाचा भार कंपनीने उचलायचा, असा तो करार. त्या दिवशी गुरूंनी त्याची पाठ थोपटली होती. "रस्त्यावरच्या माणसाचा विचार केलास," ते म्हणाले होते, "फार थोडे करतात."

त्यानंतर चार महिन्यांनी ती सकाळ आली. लाडू नावाचा एक थोराड, पिवळा कुत्रा घेऊन शिष्य कोपऱ्यावर थांबला. एका हातात फोन, दुसऱ्या हातात बिस्किट, म्हणून दोरीचा फास त्याने कोपरावर सरकवला होता. असं करू नये हे गुरूंनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. बिस्किट हातून निसटलं आणि घरंगळत रस्त्याकडे गेलं. लाडू त्याच्यामागे गेला. त्याच वेळी गल्लीतल्या इस्त्रीच्या टपरीवरची बाई कपड्यांचं बोचकं डोक्यावर घेऊन तिथून चालली होती. दोरी तिच्या पायांत आली. ती उजव्या हातावर पडली.

सोसायटीचा वॉचमन धावला. टपरीतून तिचा नवरा धावला. दोघांनी तिला रिक्षात घातलं. शिष्य लाडूचा गळपट्टा घट्ट धरून उभा होता. विमापत्रातली अट त्याला पाठ होती: कंपनीला विचारल्याशिवाय कोणापाशीही चूक कबूल करू नये, भरपाईचं वचन देऊ नये. तो काहीच बोलला नाही. रिक्षा गेल्यावर त्याने रस्त्यावर पांगलेले चार शर्ट उचलले, झटकले, आणि कोणाला द्यावेत हे न कळून वॉचमनच्या खुर्चीवर ठेवले.

मनगट मोडलं होतं. इस्त्रीचं काम सगळं मनगटावर चालतं. प्लास्टर सहा आठवडे राहणार होतं, आणि तेवढे दिवस टपरी कशी चालायची, हे आता शिष्य विम्याच्या अर्जात काय लिहितो यावर ठरणार होतं. चूक त्याची असेल तर कंपनी देणार. नसेल तर काही नाही.

शिष्याने अर्ज लिहायला घेतला, आणि ज्यांची कुत्री तो फिरवी त्या आठ घरांकडे त्याचं मन धावलं. चूक आपली म्हणून लिहिली, तर ते आठही मालकांच्या कानावर जाणार. मावसभाऊही ऐकणार. मग त्याने लिहिलं: "डोक्यावरील ओझ्यामुळे सदर महिलेस समोरचे दिसले नाही. कुत्रा स्वभावतः हट्टी असल्याने आवरता आला नाही." जखमी व्यक्तीचे नाव या रकान्यात त्याने लिहिलं, "इस्त्रीवाली". तीन वर्षं त्याचे स्वतःचे शर्ट तिच्याकडे जात होते.

त्या दिवसापासून त्याने गल्लीत पाऊल टाकलं नाही. कोपऱ्यावर आला की तो डावीकडे वळे. लाडू मात्र तिथे पोचला की बसकण मारी आणि गल्लीकडे पाहत राही. शिष्य दोरीला हिसका देऊन त्याला पुढे नेई. हट्टी आहे हे आपण लिहिलं ते काही खोटं नाही, असं त्याला रोज त्या जागी वाटे.

अकराव्या दिवशी कंपनीचा माणूस दुपारी सही घ्यायला येणार होता. आदल्या संध्याकाळी शिष्य अर्ज घेऊन गुरूंकडे गेला. त्याची विनंती लहानशी होती. आपण एवढे जाणकार, तर लाडूच्या स्वभावाबद्दल दोन ओळी लिहून द्याव्यात.

गुरूंनी अर्ज वाचला. विमापत्र मागून घेतलं, तेही चष्मा पुसून वाचलं. मग म्हणाले, "सकाळी दोरी घेऊन ये. कुत्रा आणू नकोस."

सकाळी ते सोसायटीच्या फाटकाशी उभे होते. पांढरा सदरा, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांनी दोरीचं टोक घेतलं, आपल्या डाव्या मनगटाला बांधलं, गाठ ओढून पाहिली, आणि फासाचं टोक शिष्याच्या हातात दिलं.

"चल. त्या दिवशी गेलास तसा."

शिष्याला वाटलं, जमीन दुभंगावी. पंचाहत्तरीचे गुरू दोरीला बांधलेले पुढे चाललेत आणि आपण मागे. दूधवाला सायकल थांबवून पाहू लागला. बाल्कनीतल्या एका बाईने आतल्या कोणाला तरी हाक मारली. वॉचमनला राहवलं नाही. "आजोबा," तो म्हणाला, "चावत नाही ना?"

"मी की हा?" गुरू न थांबता म्हणाले.

कोपऱ्यावर ते उभे राहिले. "फोटो काढ."

शिष्य म्हणाला, आबा, नको. गुरूंनी पुन्हा तेच सांगितलं. त्याने फोन काढला, फास कोपरावर सरकवला, खिशातलं बिस्किट फोनच्या वर धरलं. हे सगळं त्याच्या हातांनी आपोआप केलं आणि ते करताना तो प्रथमच आपल्या हातांकडे पाहत होता.

"टाक खाली."

बिस्किट पडलं. गुरू सावकाश वाकले, एक पाऊल पुढे टाकून त्यांनी ते उचललं. तेवढ्याने फास कोपरावरून घसरला आणि दोरी रस्त्यावर पडली. कोणी हिसका दिला नव्हता, कोणी झेपावलं नव्हतं.

"आता लिही," गुरू म्हणाले. "म्हातारा स्वभावतः हट्टी असल्याने आवरता आला नाही."

शिष्याची मान खाली गेली. गुरूंचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर त्याला सोपं गेलं असतं.

"अट मीही वाचली," गुरू म्हणाले. "चूक कबूल करू नये, वचन देऊ नये. ठीक आहे, कंपनीचा व्यवहार आहे. पण हात कसा आहे हे विचारू नये, असं त्यात कुठे लिहिलंय? नाव विचारू नये असं लिहिलंय? आणि कंपनीला जे सांगायचं ते खरं सांगू नये, ही अट कुणी घातली? या ओळी तुझ्या आहेत. तू विमा घेतलास तेव्हा मला वाटलं, जिला तू अजून ओळखत नाहीस आणि जी एक दिवस तुझ्या दोरीत अडकेल, तिच्यासाठी घेतलास. तो कागद तिचा होता रे. तू नुसता सांभाळायचा होतास. पहिली वेळ आली तेव्हा तू त्याच्या आड जाऊन बसलास. आणि जे त्याच्या आड मावेना, ते मुक्या जनावराच्या गळ्यात बांधलंस."

एवढं बोलून ते गल्लीत शिरले. मनगटाची दोरी त्यांच्यामागे रस्त्यावरून घासत चालली होती. ती कोणीतरी उचलणं भाग होतं. शिष्याने ती उचलली आणि तो मागे गेला.

टपरी चाळीस पावलांवर होती. उजवा हात प्लास्टरमध्ये गळ्यात अडकवून ती बाई डाव्या हाताने इस्त्री फिरवत होती. कोळशाची इस्त्री डाव्या हाताला पेलत नव्हती. नवरा समोरून कापड ताणून धरत होता. बाजूला शाळेचा एक पांढरा सदरा पडला होता, त्याच्या कॉलरवर पिवळा डाग उमटला होता. तिने मान वर करून आधी शिष्याकडे पाहिलं, मग गुरूंच्या मनगटाला बांधलेल्या दोरीकडे, मग पुन्हा शिष्याकडे.

"मावशी," शिष्य म्हणाला, "फार लागलं का?"

बाईने इस्त्री बाजूला ठेवली. "अकरा दिवसांनी विचारतोस होय," ती म्हणाली. "त्या दिवशी लई लागलं होतं. आता खाजतंय नुसतं."

दुपारच्या सहीसाठी पिशवीत ठेवलेला अर्ज शिष्याने काढला. इस्त्रीच्या टेबलावर, शर्टांच्या बाजूला, तो ठेवला आणि लिहिलेल्या ओळींवर रेघ मारली. खाली लिहिलं: दोरी माझ्या कोपरावर होती. बिस्किट माझ्या हातून पडलं. महिलेची काही चूक नाही. कुत्र्याची काही चूक नाही. मग त्याने वरच्या रकान्यातलं "इस्त्रीवाली" खोडलं.

"मावशी, तुमचं नाव?"

"तीन वर्षं बिल कुणाला देत होतास?" ती म्हणाली. मग त्याचा चेहरा पाहून तिला बहुधा पुढचं बोलवलं नाही. "शेवंता. शेवंता मारुती राऊत. नीट लिही, दवाखान्यात चुकवलंय."

त्याने नीट लिहिलं. सही केली. तरीही तो तसाच खाली मान घालून उभा राहिला, कारण सही करून जे हलकं व्हायला हवं होतं ते झालं नव्हतं. गुरूंनी मनगटाची गाठ सोडायला घेतली. ती घट्ट बसली होती, म्हणून शेवंताबाईंचा नवरा पुढे आला आणि नखाने ती सैल करू लागला.

"ते कुत्रं रोज कोपऱ्यावर बसून हिच्याकडं बघतंय," गाठीवरची नजर न काढता तो म्हणाला. "आम्हाला वाटायचं, आज तरी ते ह्याला ओढत इथवर आणील."