बिनअडसराचा घाट

घाटमाथ्यावर कातळात समोरासमोर दोन चौकोनी खाचा दिसतात ना, त्या अडसराच्या. पूर्वी इथं दरवाजा होता, असं सांगतात. आता चौकटही नाही.

फार जुन्या काळी सामळ नावाचा माणूस या दरवाजाचा राखणदार होता म्हणे. डोंगरातली माणसं तेव्हा विसांनी मोजत. हाताची बोटं संपली की पायाची, असा अनवाणी हिशेब. बंदरावरचे व्यापारी मात्र दहांनी मोजत. पायात वहाणा आल्या, की पायाची बोटं हिशेबातून जायचीच. सामळचं उठणंबसणं व्यापाऱ्यांत. त्यानं वहाणा घेतल्या आणि त्यांची मोजणीही उचलली. नव्या गिऱ्हाइकाची बोली दुकानदार उचलतो, तशी.

त्याची बायको नागई त्याला चिडवायची, "पायाची बोटं बाजारात विकून आलास का?" तो हसायचा. त्याला स्वतःच्या मोजणीचा अभिमान होता.

घाटात लुटारूंचा त्रास होता. धुक्याचा फायदा घेऊन ते माणसांत मिसळून आत शिरत. म्हणून खालून येणारा तांडा शेवटच्या विसाव्यावरून एक थैली पुढं धाडी. मोठा खडा म्हणजे पुरा गट, लहान खडा म्हणजे एक माणूस. तेवढी माणसं आत आली, की राखणदारानं अडसर घालायचा.

एकदा नागई गावच्या बायकांबरोबर मिठाला खाली गेली. परतताना मागावर लुटारू आहेत अशी कुणकुण लागली. तिनं थैली भरून एका गड्याच्या हाती दिली. मोजणारा माणूस शेवटी चालतो, ही घाटाची रीत. म्हणून ती स्वतः सर्वांच्या मागं राहिली. गड्यानं थैली सामळच्या हातात टाकली आणि माणसं आणायला तो गावाकडं पळाला.

थैलीत दोन मोठे खडे होते. सामळनं मनाशी म्हटलं, वीस.

धुक्यातून एकेक बाई आत येऊ लागली. तो चेहरे पाहत नव्हता, डोकी मोजत होता. विसावी आली ती कुंभारीण. धापा टाकत म्हणाली, "मागं आहेत अजून, दादा."

"आकडा पुरा झाला," सामळ म्हणाला. "मागं आहेत ते लुटारू."

त्यानं अडसर घातला. थोड्या वेळानं फळ्यांवर थापा पडल्या. वाऱ्यात आवाज ओळखू येईना. अडसराला पाठ लावून तो उभा राहिला. मग थापा थांबल्या.

गावातून माणसं आली, धुकं विरलं, तेव्हा दार उघडलं. बाहेर टोपल्या होत्या. मीठ सांडलं होतं. माणसं नव्हती.

सामळ तिथंच बसला. थैलीतले खडे काढून पुढ्यात ठेवले. वहाणा काढल्या. हाताची बोटं मोजली, पायाची मोजली, आणि पुन्हा पहिल्यापासून तेवढीच मोजली. चाळीस. आता आकडा बरोबर आला. तो रडला नाही, असं सांगतात. कोणी भाकरी दिली ती त्यानं खाल्ली. मग उठून अडसर दरीत लोटला आणि दाराच्या फळ्या उखडायला घेतल्या.

गावकरी म्हणाले, "अरे, लुटारू आले तर?"

"आले तर येतील," तो म्हणाला. आवाज नेहमीचाच होता.

पुढं जन्मभर तो इथं अनवाणी उभा राहायचा. आलेल्यांना तो मोजत नसे. दरीकडं तोंड करून विचारायचा, "मागं कोण?"

आजही घाट चढून आलेल्यांतला शेवटचा माणूस इथं वहाणा काढतो, मागं वळतो आणि तेच विचारतो. लग्नाचं वऱ्हाड असो की बाजाराला गेलेले चार जण, रीत चुकत नाही. विचारल्यावर उत्तरासाठी थांबायचं असतं. किती वेळ थांबायचं, ते इथं कोणी मोजत नाही.