पाणपोईवरचं मशीन

तापीच्या काठी, केळीच्या बागांमध्ये वसलेल्या एका गावात युवराज भारंबे नावाचा एसी बसवणारा राहत होता. त्या मुलखात वैशाखातल्या दुपारी कुत्रंही सावली सोडत नाही, त्यामुळे त्या दिवसांत युवराजला श्वास घ्यायला फुरसत नसे. कारागीर हाडाचा. तांब्याची नळी अशी वाकवायचा की कुठे चिमटा नाही, सुरकुती नाही. आणि कामाला चलाख असा की घरमालकीण चहा टाकायला आत जायची आणि कप घेऊन बाहेर येईपर्यंत याचं निम्मं काम उरकलेलं असायचं. गावात लोक म्हणत, भारंबेनं ठोकलं म्हणजे ठोकलं. हे त्याच्या कानावर यायचं आणि खरं सांगायचं तर त्याला ते फार गोड लागायचं. त्यात स्वभाव थट्टेखोर. गंभीर चेहरा करून थापा मारण्यात त्याचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं.

त्याच गावात सुपडूशेठ पाचपांडे हे केळीचे बडे व्यापारी होते. पेठेत त्यांचं जुनं माडीचं घर होतं. गेल्या दिवाळीत शेठनी त्याला बाहेरून सिमेंटचा गिलावा देऊन झकास रंग लावला होता. त्यांची लेक ज्योत्स्ना बाळंतपणानंतर पहिल्यांदाच आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी यायची होती. तान्ह्या बाळाला उन्हाची झळ लागू नये म्हणून शेठनी माडीवरच्या खोलीत एसी बसवायचा ठरवला आणि युवराजला बोलावणं धाडलं.

"हे बघ युवराज, आखाजीच्या मुहूर्तालाच मशीन चालू झालं पाहिजे," शेठ म्हणाले. "गुरुजींनी घटका काढून दिलीये. ती टळायला नको."

आता आखाजीचा अख्खा दिवसच मुहूर्ताचा. पण शेठना त्यातही गुरुजींची खास घटका हवी होती, त्याला कोण काय करणार? आणि युवराजनंही छाती पुढे काढून सांगून टाकलं, "गुरुजींचा मंत्र संपायच्या आत खोली गार झालेली असेल, शेठ."

आखाजीच्या सकाळी युवराज कामाला लागला. खोलीतलं मशीन त्यानं भिंतीवर नेटकं बसवलं. पाण्याच्या नळीला उतार दिला, तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर जातं की नाही ते पाहिलं. वायर वेगळी ओढली, अर्थिंग तपासलं. राहिलं बाहेरचं मशीन, ज्याला सगळे आउटडोअर म्हणतात. ते गल्लीकडच्या भिंतीवर, माणसाच्या डोक्याच्या बरंच वर, लोखंडी स्टँडवर बसवायचं होतं. युवराज शिडीवर चढला आणि त्यानं ड्रिल लावलं.

पहिल्यांदा सिमेंटची राखाडी भुकटी उडाली. मग ड्रिल एकदम आत घसरलं. लोण्यात सुरी जावी तसं गेलं. युवराजनं ते बाहेर ओढलं, तर त्याच्यामागोमाग पांढरट माती भुरभुरत आली. तो जागच्या जागी थांबला. बाहेरचा गिलावा नवा होता, पण भिंत आतून कच्च्या मातीची होती. असल्या भिंतीत बोल्ट धरत नाही, हे त्याला शिकवायची गरज नव्हती. इथे भिंतीतून आरपार लांब बोल्ट घालायचे आणि आतल्या बाजूनं लोखंडी पट्टी लावून ते आवळायचे, हाच एक मार्ग होता. पट्टी आणि बोल्ट त्याच्या दुकानात होते. पण दुकान गावाच्या दुसऱ्या टोकाला. जाऊन, आणून, भिंतीला आरपार भोकं पाडून, मुहूर्त कुठला गाठायला?

खाली गुरुजी येऊन बसले होते. शेठ मनगटावरचं घड्याळ बघत होते. युवराजनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं. त्यानं लाकडाच्या खुंट्या तासून भोकांत ठोकल्या, खुंट्यांत स्क्रू पिळले, वरून सिमेंटचा हात फिरवला. उद्या सकाळी येऊन पट्टी मारू, एका दिवसानं काय होतंय, असं त्यानं मनाशी म्हटलं. मग शेठच्या केळी उचलणाऱ्या दोन हमालांनी ते धूड वर चढवून दिलं. नळ्या जोडल्यावर युवराजनं त्यांतली हवा पंपानं खेचून काढली, सांध्यांना साबणाचा फेस लावून गॅस गळत नाही याची खात्री केली. या कामांत त्यानं रतीभर कसर ठेवली नाही. जणू बाकीचं काम चोख केलं की तेवढी चूक धुऊन निघणार होती.

मशीन घटकेवर सुरू झालं. खोलीत गारवा पसरला, बाळ आईच्या मांडीवर शांत झोपलं. शेठनी मशीनला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि युवराजच्या हातावर खोबरं ठेवत विचारलं, "बाहेरचं पक्कं बसलं ना? खाली जाती-येती माणसं असतात."

हीच ती वेळ होती. खोलीत शेठ, गुरुजी, ज्योत्स्ना आणि तो, एवढेच होते. एक वाक्य बोलायचं होतं. पण कौतुक ऐकायला आतुरलेल्या माणसाच्या तोंडून असलं वाक्य निघत नाही.

"हत्ती टांगा, शेठ," युवराज म्हणाला.

शेठ खूश झाले. त्यांनी नवं मंगल कार्यालय बांधायला काढलं होतं. त्याचंही सगळं काम तुलाच, असं त्यांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं. युवराज घरी निघाला खरा, पण त्याला हरखून जाता येईना.

वाटेत एका गिऱ्हाइकाचं मशीन बघून तो घरी पोहोचला, तेव्हा त्याची बायको कोकिळा वाट बघत होती. घागर पुजून झाली होती, पुरणपोळी आणि आमरसाचं ताट वाढलेलं होतं. युवराज पानावर बसला. पहिला घास तोंडात फिरायला लागला. बाहेर वारा सुटला होता. वैशाखातला तो वारा, गल्लीगल्लीतून भोवरे करत, पाचोळा उडवत फिरणारा. युवराजचं लक्ष त्याच्या आवाजाकडे होतं.

"शेठनं आज मोठं पुण्याचं काम केलं," कोकिळा म्हणाली. "माडीच्या भिंतीखाली पाणपोई घातली. मी मघाशी तिकडूनच आली. ही गर्दी. आखाजीचं पाणी म्हणून वाटसरू तर वाटसरू, गावातलेही प्यायला येऊ राह्यले."

युवराजचा हात ताटातच थांबला. "भिंतीखाली? कोणत्या?"

"अहो, तुमी आज मशीन लावलं तिथंच. वर सावलीला हे मोठं कापड बांधलंय. एक टोक समोरच्या निंबाला, नी दुसरं तुमच्या लोखंडी स्टँडला. हमाल नको म्हनत होता, तर शेठ म्हने, बांध रे, भारंबेनं सांगितलंय, हत्ती टांगला तरी चालतो."

युवराज उष्ट्या हातानं उठला. कोकिळा मागून हाक मारत राहिली, तोवर तो गल्लीच्या वळणापर्यंत पोहोचला होता.

पेठेत पोहोचल्यावर त्यानं आधी वर पाहिलं. वारा आला की कापड तळलेल्या पापडासारखं फुगत होतं आणि दोरी ताणली जाऊन स्टँडला भिंतीपासून बाहेर ओढत होती. वारा पडला की दोरी सैल. पुन्हा ताण, पुन्हा सैल. वर मशीन चालूच होतं, त्याची थरथर वेगळी. स्टँडच्या एका पायापाशी नव्या रंगावर केसाएवढी चीर गेली होती. खाली रांजण मांडलेले होते आणि माणसांची रांग लागली होती. बस चुकलेली कुटुंबं, हातगाडीवाले, काठी टेकत आलेली म्हातारी माणसं. आखाजीचं पाणी लेकीच्या हातून द्यायचं म्हणून ज्योत्स्ना तिथे उभी होती. झोपेतून उठलेलं बाळ तिनं टोपरं घालून खांद्यावर घेतलं होतं. शेजारी पाणी भरून देणाऱ्या अनसूयामावशी ओगराळ्यानं रांजणातलं काहीतरी बाजूला सारत पुटपुटल्या, "ही माती कुठून पडू राह्यली मघापासून?"

ही माती कुठली ते युवराजला तत्काळ कळलं. तरीही, बघा माणसाचं मन कसं असतं, त्याला आधी सुचली ती सबब.

"शेठ, पाणपोई निंबाखाली हलवू या," तो घाईनं म्हणाला. "मशीनची गरम हवा लोकांच्या अंगावर येईल."

"गरम हवेला कोण भितं इथं?" शेठ हसले. "कलश मांडलाय, आता तो जागचा हलवायचा नाही."

"मग कापड तरी सोडा. रंग जाईल भिंतीचा."

"जाऊ दे की. रंग मी दिलाय, तू कायले जीव टाकतो?"

वारा पुन्हा भरला. दोरी तटतटली. वरून चिमूटभर माती सुटली आणि ज्योत्स्नाच्या पदरावर पडली. तिनं ती सहज झटकली आणि पुढच्या माणसाला पेला दिला. युवराजला सबबी सुचायच्या थांबल्या.

"सरका सगळे," तो मोठ्यानं म्हणाला. "हे मशीन पडेल. भिंत मातीची आहे. मला सकाळीच कळलं होतं. मी नुसत्या लाकडी खुंट्या ठोकल्या आणि शेठशी खोटं बोललो."

मग रांगेतून कुणीतरी खिदळलं आणि सगळेच हसायला लागले. भारंबे नेहमीसारखी फिरकी घेतोय, असंच त्यांना वाटलं. एक म्हातारबाबा तर पेला तोंडाला लावत म्हणाले, "पाडून दाखव बरं. तू ठोकलेलं कधी पडलंय का?"

आयुष्यभर ज्या नावलौकिकावर युवराज फुगून चालला होता, त्याच नावानं ही माणसं खाली धरून ठेवली होती. तो आणखी बोलत बसला नाही. ओसरीत ठेवलेली शिडी त्यानं उचलली, भिंतीला लावली आणि वर चढला. चिरेपाशी गिलाव्यात त्यानं बोट घातलं. सकाळचा सिमेंटचा थर खपलीसारखा निघाला. आतली लाकडी खुंटी त्यानं दोन बोटांत धरली आणि ओढली. ती स्क्रूसकट सहज हातात आली आणि तिच्यामागून फाटक्या पोत्यातून सांडावी तशी माती गळू लागली.

त्यानं ती खुंटी वर धरून सगळ्यांना दाखवली. आता कुणी हसलं नाही.

"ज्योत्स्ना, बाजूला हो," शेठ ओरडले. बाया मुलांना ओढत निंबाकडे धावल्या. पेले पडले, एक रांजण कलंडला. तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला, कापड भरलं आणि खुंटी निघालेला पाय भिंत सोडून बाहेर आला. सगळं मशीन कलंडत युवराजच्या अंगावर झुकलं. त्यानं खांदा लावला. लोखंडाची धार गळ्याजवळ रुतली. खाली म्हातारबाबा अजून रांजणाशीच होते, त्यांची काठी सापडत नव्हती.

"दोरी कापा," युवराज दात आवळून म्हणाला. "आणि बाबांना न्या आधी."

अनसूयामावशींनी विळ्यानं दोरी कापली. कापड निंबाकडे उडून गेलं. एका हमालानं म्हातारबाबांना अक्षरशः उचलून नेलं, दुसऱ्यानं शिडीवर चढून खालून मशीनला हात दिला. शेठनी धावत जाऊन घरातली वीज बंद केली. मग चार माणसांनी मिळून ते मशीन नळ्यांसकट खाली उतरवलं. युवराज शिडीवरून उतरला, तेव्हा त्याच्या सदऱ्याचा खांदा रक्तानं ओला होता. वर माडीवर नेलेलं बाळ उकाड्यानं रडत होतं, तेवढा आवाज येत होता.

त्याच दुपारी युवराजनं दुकानातून पट्टी आणि लांब बोल्ट आणले. भिंतीला आरपार भोकं पाडली. आतून पट्टी बसवली, बोल्ट आवळले. लिंपायच्या आधी त्यानं शेठना हाक मारली आणि सगळं उघडं दाखवलं. शेठनी पट्टीला हात लावून पाहिला. मग मशीन चढलं. नळ्या पुन्हा जोडून त्यांतली हवा त्यानं पुन्हा खेचून काढली, गेलेला गॅस भरला, सगळे सांधे पुन्हा तपासले, आणि खोली गार व्हायला लागली, तोवर उन्हं कलली होती.

युवराज हात धुऊन ओट्यावर बसलेल्या शेठसमोर जाऊन उभा राहिला.

"मंगल कार्यालयाचं काम मी दुसऱ्याला सांगतो, युवराज," शेठ म्हणाले.

"बरोबर आहे, शेठ."

"तू भर गल्लीत खरं बोललास. एवढ्या लोकांसमोर मला ते जमलं नसतं." शेठनी वर माडीकडे पाहिलं. "पण सकाळी मी तुला विचारलं होतं रे. नुसतं 'थांबा' म्हणाला असतास, तर मी मुहूर्त सोडला असता. माझी लेक उभी होती तिथं, बाळाला घेऊन."

युवराजनं भिंतीपाशी पडलेली सकाळची खुंटी उचलली आणि खिशात घातली.

तात्पर्य: गिलाव्याआड झाकल्या जाणाऱ्या कामातली उणीव फक्त करणाऱ्यालाच ठाऊक असते, ती त्यानं झाकण्याआधीच बोलून दाखवावी, कारण लोक भिंतीच्या नव्हे, त्याच्या शब्दाच्या भरवशावर खाली उभे राहतात.