ओवीची दुसरी ओळ

"ही ओवी कुणी रचली त्याचं नाव उद्या दरबारात हवं. नाहीतर हौसाची जीभ छाटू," राजा भैरवसेनाने कोंडाबाईला बजावलं.

भानगड अशी होती. राजाने नदीचा घाट आपल्या हत्तींसाठी राखून ठेवला आणि बायका कोसभर लांबून पाणी आणू लागल्या. आठवडा होतो न होतो तोच जात्याजात्यावर एक ओवी फिरू लागली. ती गाताना पकडली गेली हौसा, कोंडाबाईची धाकटी जाऊ. आता ओवी कुणाची ते कोण सांगणार? जात्यावर दोघी समोरासमोर बसतात. एक पहिली ओळ गाते, दुसरी तिला जोड देते. राजवाड्यात हे ठाऊक असायचं कारण नव्हतं, तिथे पीठ आयतं येत होतं.

दुसऱ्या दिवशी कोंडाबाई दरबारात आली ती जातं घेऊनच.

"नाव कळलं का?"

"कळेल, महाराज. मी पहिली ओळ म्हणते. ज्याची ओवी त्याला दुसरी पोटात ठेवता यायची नाही."

"मान्य. बोलेल तोच गुन्हेगार."

जातं घरघरू लागलं. कोंडाबाईने सूर लावला, "हत्ती डुंबतो घाटाला, माझी घागर कोरडी..." आणि ती थांबली.

प्रधानाने ओठ मिटले. सेनापती छत न्याहाळू लागला. भालदाराने तोंडावर हात धरला. अख्ख्या दरबारात ती ओवी कुणालाच येत नव्हती, असं दिसत होतं.

कुणी बोललंच नाही तर हौसा जन्माची मुकी होणार होती. कोंडाबाईने तीच ओळ पुन्हा म्हटली. मग तिसऱ्यांदा.

राजा मात्र आठ दिवस चरफडत तीच ओवी मनात घोळवत होता. अर्धी लोंबकळणारी ओळ त्याला सोसेना.

"अगं, पुढे म्हण ना," तो खेकसला. "राजा निजला महालात, किती करावी ओरडी!"

कोंडाबाईने जात्याचा खुंटा सोडला. "सापडला, महाराज."

"मी? मी रचली ही ओवी?"

"घाट तुम्हीच बंद केलात. ओवी तिथंच तयार झाली. आम्ही नुसती चाल लावली."

प्रधानाला खोकला आला. राजाने आधी स्वतःची जीभ चाचपली, आणि मग असा हसत सुटला की मुकुट मांडीवर घसरला. हौसाला तिथल्या तिथे सोडलं, दोघी जावांना साडीचोळी दिली आणि घाट खुला झाल्याची दवंडी पिटवली.

"आणि माझ्या हत्तींनी काय करायचं?" राजाने डोळे पुसत विचारलं.

"डुंबू देत की, महाराज. आमचं पाणी भरून झाल्यावर."