मेलेला पट्टा

"मग मी आज चारचौघांत काय सांगू, खाँसाहेब? की माझ्या हातातला पट्टासुद्धा मेलेला निघाला?"

शाल्मली रडकुंडीला आली होती. सकाळचा रियाझ राहिला बाजूला. मी तिची थोरली गुरुबहीण, तानपुरा घेऊन नुसतीच बसले होते.

खाँसाहेब अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. "मेलेला म्हणजे?"

आता ही शाल्मली हेरवाडकर म्हणजे मिरजेतल्या मोठ्या दवाखान्यातली डॉक्टर. हुशार, आणि ती हुशारी नाकावर घेऊन फिरणारी. ताणानं गांजलेल्या मोठ्या माणसांच्या मनगटाला पट्टा बांधला तर मन निवतं का, याचा अभ्यास तिनं मांडला होता. पट्ट्यातून विजेच्या अगदी बारीक लहरी निघतात, हाताला कळतही नाहीत. काही जणांना चालू पट्टा दिला. काहींना मेलेला, ज्यात नुसता हिरवा दिवा लागायचा. काहींना काहीच नाही. चालू कुठला, मेलेला कुठला, हे शेवटपर्यंत तिलाही ठाऊक नव्हतं. तशी शिस्तच असते म्हणे.

त्यातलाच एक जादाचा पट्टा हिनं स्वतःच्या हातात चढवला. आणि मग आम्हाला उपदेश! "ताई, माझ्याकडे बघा, कशी शांत झालेय." डोकं उठवलं होतं नुसतं.

काल निकाल फोडला, आणि आज दवाखान्याच्या सभेत तो सांगायचा होता. चालू पट्टा बांधलेली माणसं निवांत झाली होती. मेलेला बांधलेली माणसंही तितकीच. बिनपट्ट्याची होती तिथेच. आणि आमच्या बाईसाहेबांचा पट्टा मेलेला!

मला हसू आवरेना. खाँसाहेबांनी डोळे वटारले.

"पट्टे आणि पैसा देणाऱ्या कंपनीचे साहेब म्हणतात, मेलेल्या पट्ट्यांचं नावच काढू नका," ती म्हणाली. "नाही ऐकलं तर ते अभ्यासातून अंग काढून घेतील. माझ्या प्रयोगशाळेला कुलूप लागेल."

"खरं काय ते तुला ठाऊक आहे ना?"

"आहे."

"मग?"

"उभं राहून बोलायचं कसं, खाँसाहेब? हातात पट्टा होता तोवर धीर होता. आता तोही गेला..."

खाँसाहेबांनी सुपारी खाली ठेवली.

मग म्हणाले, "उजवा हात दे."

त्या मनगटावर गंडा होता. शिष्य म्हणून पत्करताना खाँसाहेबांनीच बांधलेला लाल दोरा.

"यात काय आहे?"

"तुमचा आशीर्वाद."

"सूत आहे. बाजारातलं."

आणि अडकित्ता पुढे करून त्यांनी तो गंडा कचकन तोडला.

अगं बाई! माझ्या हातून तानपुरा सुटता सुटता राहिला. गुरूनं गंडा तोडायचा म्हणजे शिष्याला घराबाहेर काढायचं. शाल्मली पांढरीफटक पडली.

"खाँसाहेब, माझं काय चुकलं?"

"सा लाव."

"पण..."

"सा लाव म्हणतो ना!"

मी घाईघाईनं तारा छेडल्या. तिनं डोळे मिटले.

सा आला. भरीव, सरळ, जागचा न हलणारा. इतका चांगला तिचा सा मी कधी ऐकला नव्हता. खरं सांगते, जळले मी.

"हा कुठनं आला?" खाँसाहेबांनी विचारलं.

तिनं तुटलेला दोरा उचलून पाहिला. मग हसली. डाव्या हातातला पट्टा काढून तिनं पर्समध्ये टाकला, पाया पडली आणि निघाली.

"रिक्षा बोलाव," खाँसाहेब मला म्हणाले. "आपणही ऐकू."

सभागृह भरलेलं होतं. पहिल्या रांगेत कंपनीचे साहेब, मागे अभ्यासातली माणसं. शाल्मली उभी राहिली. मनगटं दोन्ही रिकामी.

"चालू पट्ट्यानं माणसं निवांत झाली," ती म्हणाली. "मेलेल्या पट्ट्यानंही तितकीच झाली. विजेनं जास्त काही केल्याचं मला दिसलं नाही. मग कशानं झालं, ते मला अजून माहीत नाही. ते शोधायचंय. माझ्याही हातात मेलेलाच होता, आणि मी सगळ्यांना त्याचे गोडवे गात सुटले होते!"

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

मागून एक निवृत्त मास्तर उठले. "डॉक्टर, माझा कुठला होता?"

तिनं कागद पाहिला. "मेलेला, गुरुजी."

 मास्तर मांडीवर थाप मारून म्हणाले, "म्हणजे माझी झोप माझी मीच आणली की हो!"

सभागृह हसत सुटलं. हसता हसता टाळ्या सुरू झाल्या. साहेब तरातरा निघून गेले. दवाखान्याचे थोरले डॉक्टर उठले आणि तिथल्या तिथे म्हणाले, "बाई, कंपनी गेली तर जाऊ द्या. प्रयोगशाळा दवाखाना चालवेल. शोधा तुम्ही."

माझे डोळे भरून आले. कसली गुणाची पोर आहे आमची!

बाहेर ती धावतच आली आणि खाँसाहेबांचा हात धरला.

"बोलले, खाँसाहेब! सगळं बोलले! पण छाती बघा ना कशी धडधडतेय... अजून थांबत नाही."

खाँसाहेब चप्पल शोधत होते. मान वर न करता म्हणाले,

"थांबवायचीय कशाला? तबला बंद पाडून कुणी गातं का?"