ठकूबाई बसली आणि कांडवी थांबली

वेळ सकाळच्या न्याहारीची, महिना श्रावण. जागा कांडवी नदीचा उतार, जिथून माणसं पायी पलीकडे जात. पाणी गुडघाभर, आभाळ कोरं. फार मागची गोष्ट आहे ही. तेव्हा पूल नव्हता, ठकूबाई झोरे होती.

कांडवी डोंगरातली नदी. वर घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो तेव्हा खाली लख्ख ऊन असतं, आणि भात शिजायला लागतो तेवढ्या वेळात पूर खाली येतो. मेंढ्या राखता राखता ठकूबाई ही नदी शिकली होती. पाणी तांबूस झालं की पाऊस पठारावर, जांभळीची पानं आली की मधल्या राईत. पाण्यात हात घालून ती डोंगरातला पाऊस सांगायची, असं म्हणतात.

त्या दिवशी बिरोबाची पालखी पलीकडे निघाली होती. ढोल, झांजा, शंभरावर माणसं, आणि पालखीच्या दांडीला ठकूबाईचे दोन्ही लेक. पुढे अंमलदार. त्याने काठी बुडवून पाणी मोजलं आणि चला म्हणाला.

इतक्यात काठच्या पाण्यात उभ्या असलेल्या ठकूबाईच्या पायाला पान चिकटलं. कारवीचं, हिरवंगार, नुकतंच तुटलेलं. कारवी त्या खोऱ्यात फक्त माथ्यावर. ती उताराच्या तोंडाशी ऐन वाटेत मांडी घालून बसली.

"म्हातारे, ऊठ. ऊन पडलंय, दिसत नाही?" अंमलदार म्हणाला.

"ऊन तुमच्या डोस्क्यावर पडलंय सायेब. नदीचं डोस्कं तिकडं वर हाय."

लोक हसले. अंमलदाराने लेकांना हुकूम केला, आईला बाजूला करा. दोघेही जागचे हलले नाहीत.

"देवाला घाई न्हाई," ठकूबाई म्हणाली, "मग तुमाला कसली?"

तेवढ्यात वरच्या वळणावर पुरुषभर उंच, गढूळ पाणी झाडं घेऊन आलं आणि तिथेच उभं राहिलं, असं म्हणतात. ठकूबाईने मागे वळून बघितलं. सगळी माणसं काठावर होती. मग ती उठली, लुगडं झटकलं, चार पावलं मागे सरली, आणि कांडवी सुटली. उतार दिसेनासा झाला. अंमलदाराची काठी तेवढी वाहून गेली.

पालखी अलीकडेच टेकली. दोन दिवस माणसं तिथेच नाचली, मेंढीच्या दुधाची खीर खाल्ली. थोरला लेक आईला खांद्यावर घेऊन नाचला, आणि ती वरून त्याला शिव्या देत हसत होती.

आजही त्या दिवशी पालखी काठावर थांबते. गावातली सगळ्यात म्हातारी बाई पाण्यातलं पान उचलते, झाडाचं नाव सांगते, मगच ढोलावर टिपरू पडतं. तेव्हापासून त्या उतारावर कोणी वाहून गेलेलं नाही.

पुढे सरकारने पाणी मोजायला उताराच्या बऱ्याच खाली रंगवलेला खांब रोवला. मग एका पुरात नदीने तिथलं पात्र बदललं. खांब आता गवतात कोरडा उभा आहे, त्याला शेळ्या बांधतात. तरी तालुक्याच्या कचेरीतल्या फळ्यावर रोज सकाळी लिहिलेलं असतं: त्या खांबापाशी कांडवी दोन फूट. हे दोन फूट कोण वाचून येतं, ते अजून कोणी सांगितलेलं नाही.