येसबा रंगाऱ्यानं लेक मांडीवर घेतली, त्याची कहाणी

ऐक गं जिवतीमाय, तुझी कहाणी. आटपाट नगर, नगराला नदी, नदीच्या काठी रंगाऱ्यांची आळी. तिथं येसबा रंगारी राहत असे. अजून मिसरूड फुटलं नव्हतं, तों लग्न झालं, वर्षाच्या आंत घरी लेक जन्मली. येसबानं आळीभर साखर वाटली. मग पाळणा हलूं लागला, आणि येसबा घाबरला.

बायको गिरजा म्हणाली, “अहो, पोरीला घ्या जरा.” येसबा म्हणाला, “हात ओले आहेत.” दुसऱ्यांदा म्हणाली, “अहो, घ्या ना.” “हात निळीचे आहेत.” तिसऱ्यांदा म्हणाली, तेव्हां हात कोरडे होते, स्वच्छ होते. येसबा म्हणाला, “गडी विटीदांडूला खोळंबलेत,” आणि पळाला. गडी त्याला “या बाबा, बसा बाबा” म्हणून चिडवीत. येसबा लाजून लाल होई.

भिंतीवर पूजेला लावलेल्या चित्राच्या कागदांतून जिवती हें बघत होती. तिनं म्हातारीचं रूप घेतलं, काठी टेकीत नदीवर आली. येसबा कापड पिळत होता. “बाळा, घरीं तान्हं रडतंय, तूं इथं कां?”

येसबाला रडूं फुटलं. “आजी, मला अजून माझा बाप हांका मारून उठवतो. मी कुणाचा बाप कसा होऊं? पोरगी एवढीशी. हातांतून पडली तर?”

“मग एक वसा घे.”

“कसला वसा, आजी?”

“श्रावणांतल्या शुक्रवारीं आपल्या हातानं लेकीला न्हाऊं घाल, मांडीवर निजव, मग तूं जेव. कुणी हंसलं तर हंसूं दे. उतूं नकोस, मातूं नकोस, अर्ध्यावर टाकूं नकोस.”

पहिला शुक्रवार आला. येसबानं लेकीला न्हाऊं घातलं. लेक कमी भिजली, येसबा जास्त. दुसरा शुक्रवार आला. गडी दारांत येऊन हंसले. येसबा लाजला, ओली लेक गिरजेच्या ओटींत टाकली, निघून गेला. वसा मोडला.

मग काय झालं? गिरजेला ताप भरला. अंगावरचं दूध आटलं. लेक रडूं लागली. सासू आली, लेक राहीना. शेजारीण आली, राहीना. सुईण आली, राहीना. रडून रडून काळीनिळी झाली. येसबा निळीच्या रांजणापाशीं होता. आवाज ऐकला, धांवत आला, हात धुवायचं भान नाहीं. “जिवतीमाय, चुकलों,” म्हणाला, लेक उचलली, छातीशीं धरली. अंगाई येत नव्हती. मग रांजण ढवळतांना म्हणायचं गाणं म्हणूं लागला. लेक हुंदके देत थांबली. शेळीचं दूध आणवलं, कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब पाजलं. लेक मांडीवर निजली.

दिवस कलला, गिरजेला घाम आला, ताप उतरला. डोळे उघडून बघते, तों लेकीचे गाल निळे, नाक निळं, कपाळावर पांच बोटं निळीं! गिरजा हंसूं लागली, सासू हंसूं लागली, येसबाही हंसला. दोन दिवसांत गिरजेला दूध आलं.

मग येसबानं उरलेले शुक्रवार नेमानं केले. गडी आले. एक हळूच म्हणाला, “येसबा, मला घेऊं दे की रे.” येसबा म्हणाला, “आधीं बस. मानेखालीं हात धर. अस्सा.”

शेवटच्या शुक्रवारीं म्हातारी दारीं आली. येसबानं चणेगूळ दिले, दूध दिलं, लेक पायांवर घातली. म्हातारीनं विचारलं, “काय बाळा, भीति गेली?”

“नाहीं आजी. अजून वाटते.”

“असूं दे तेवढी. तिच्यापायीं लेकीला सांभाळून धरशील.” असं म्हणून हंसली, लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि दिसेनाशी झाली. उंबऱ्यावर कुंकवाचीं पावलं तेवढीं राहिलीं.

जशी जिवतीमाय येसबाला पावली, तशी घरोघरच्या कोवळ्या आईबापांना पावो, त्यांच्या मांड्या भरलेल्या राहोत. साठां बोलांची ही कहाणी पांचां बोलांत सांगितली; सांगणारीला सुफळ, ऐकणारीला सुफळ, इथं संपूर्ण.